स्वयंसेवकाचा सुटीचा दिवस : अँडीजचे पठार आणि यवतमाळ जिल्हा यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

स्वयंसेवेचा विचार करताना कामाच्या दिवसांची चर्चा विपुल होते. किती शोषखड्डे खणले, किती वनराई बंधारे बांधले, किती घरांचे सर्वेक्षण झाले, याची नोंद अहवालात काटेकोरपणे केली जाते. परंतु सहा दिवस काम करणारा स्वयंसेवक सातव्या दिवशी काय करतो, कोठे जातो, कोणाबरोबर जातो आणि तेथून काय घेऊन परततो, याची नोंद सहसा कोणत्याही अहवालात आढळत नाही. सुटीचा दिवस हा कामाबाहेरचा, खाजगी आणि म्हणून विवेचनास अपात्र असा समज यामागे असावा. प्रत्यक्षात मात्र हाच दिवस स्वयंसेवकाची त्या प्रदेशाविषयीची दृष्टी घडवितो किंवा बिघडवितो.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पठारी प्रदेशात परदेशी स्वयंसेवकांच्या शनिवार-रविवारच्या सहली हा गेल्या अर्धशतकातील एक रूढ प्रकार झाला आहे. यवतमाळ जिल्ह्यातही राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिरार्थी, समाजकार्य महाविद्यालयांचे क्षेत्रकार्य करणारे विद्यार्थी, विविध संस्थांचे कार्यकर्ते आणि शहरांतून येणारे श्रमदाते दीर्घ वा अल्प काळ वास्तव्य करतात. या दोन्ही प्रदेशांतील अनुभव शेजारी ठेवून स्वयंसेवकाच्या सुटीच्या दिवसाचे स्वरूप, त्याची शैक्षणिक उपयुक्तता आणि त्याची पथ्ये स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अँडीजमधील शनिवार-रविवार

अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ या स्वयंसेवक योजनेची स्थापना १९६१ साली झाली आणि १९६२ पासून तिचे स्वयंसेवक पेरू देशात काम करू लागले. सत्तरच्या दशकाच्या मध्यास हे काम थांबले आणि २००२ मध्ये पुन्हा सुरू झाले. दरम्यानच्या काळात अनेक खाजगी व धार्मिक संस्थांनी युरोप-अमेरिकेतील तरुणांना तेथे नेण्यास प्रारंभ केला. शाळेत इंग्रजी शिकविणे, आरोग्यकेंद्रात मदत करणे, बांधकामास हातभार लावणे ही त्यांची नेहमीची कामे होत.

यांपैकी बहुतेकांचे केंद्र कुस्को हे नगर असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील हे नगर एके काळी इंका साम्राज्याची राजधानी होते. इतक्या उंचीवर हवा विरळ असल्याने नवागताला डोकेदुखी, मळमळ व धाप लागणे असा त्रास होतो. स्थानिक लोक त्यास ‘सोरोचे’ म्हणतात आणि त्यावर कोकाच्या पानांचा काढा घेण्याचा प्रघात आहे. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी, हा तेथील पहिला नियम. म्हणजेच स्वयंसेवकाची सेवा सुरू होण्यापूर्वी त्याच्या शरीरालाच त्या भूमीशी तडजोड करावी लागते.

त्यानंतर सहलींचा क्रम सुरू होतो. पिसाकचा बाजार, मोराय येथील वर्तुळाकार शेतीची सोपाने, मारासची मिठागरे, २,४३० मीटर उंचीवरील माचू पिक्चू आणि थोडी अधिक सवड असल्यास ३,८१२ मीटर उंचीवरील टिटिकाका सरोवर, असा हा साधारण मार्ग होय. माचू पिक्चूकडे जगाचे लक्ष १९११ मध्ये हायरम बिंगहॅम या अमेरिकी अभ्यासकाने वेधले आणि १९८३ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यापूर्वीही परिसरातील शेतकऱ्यांना ते स्थळ ठाऊक होतेच, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. ‘शोध’ हा शब्द बहुधा बाहेरून येणाऱ्याचा असतो.

या सहलींतून दोन वेगळ्या गोष्टी निष्पन्न झालेल्या दिसतात. टिटिकाका सरोवरातील ताकिले बेटाचे उदाहरण बोलके आहे. सत्तरच्या दशकात पर्यटक येऊ लागल्यावर बेटावरील कुटुंबांनी एकत्र येऊन स्वतःच्या बोटी चालविल्या, पाहुण्यांची घरोघरी पाळीने सोय केली आणि विणकामाची विक्री सामूहिक पद्धतीने केली. पाहुणा कोणाच्या घरी उतरणार, हे पाहुण्याच्या वा दलालाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. ते समुदाय ठरवीत असे. पुढे नव्वदच्या दशकात मुक्त स्पर्धेच्या धोरणामुळे किनाऱ्यावरील पुनो शहरातील प्रवासी कंपन्यांच्या वेगवान बोटी सरोवरात उतरल्या आणि प्रवासाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा बेटाबाहेर जाऊ लागला. ताकिलेच्या वस्त्रकलेस युनेस्कोने २००५ मध्ये गौरविले. पण बोटीवरील ताबा सैल झाला तो झालाच. सहलीने गावाचे भले होते की नाही, हे सहलीच्या हेतूवर नव्हे, तर तिकिटाचे पैसे कोणाच्या हाती पडतात यावर अवलंबून असते, असा या उदाहरणाचा निष्कर्ष निघतो.

दुसरी गोष्ट भाषेची. परदेशी स्वयंसेवक स्पॅनिश शिकून येतो आणि आपण स्थानिक भाषा जाणतो असे मानतो. परंतु पठारावरील खेड्यांत घराच्या आतली भाषा केचुआ असते. पेरूने १९७५ मध्ये केचुआला अधिकृत भाषेचा दर्जा दिला, तरी शाळा, दवाखाना आणि कचेरी यांचे व्यवहार प्रामुख्याने स्पॅनिशमध्येच चालत राहिले. शाळेत शिकविणाऱ्या स्वयंसेवकाला हे सहा दिवसांत जाणवेलच असे नाही. बाजारात गेल्यावर मात्र पहिल्या तासाभरात जाणवते.

मदतनीस आणि प्रवासी

स्वयंसेवेच्या या प्रकारावर सर्वांत तीव्र टीका इव्हान इलिच यांनी केली. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे अमेरिकी विद्यार्थी-स्वयंसेवकांपुढे बोलताना त्यांनी त्या उपक्रमालाच विरोध केला. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांच्या जीवनाचा अनुभव नाही, त्यांच्यावर आपली मदत लादण्याचा अधिकार कोणी दिला, असा त्यांचा रोख होता. त्याच वेळी प्रवासी म्हणून, विद्यार्थी म्हणून येणाऱ्यांचे त्यांनी स्वागत केले, हे विशेष. सर्वसाधारण समज असा की, काम करणारा श्रेष्ठ आणि हिंडणारा हलका. इलिच यांनी हा क्रम उलटा केला. पाहण्यास व शिकण्यास आलेला मनुष्य आपले अज्ञान मान्य करून येतो. मदतीस आलेला मात्र यजमानाचे अज्ञान गृहीत धरून येतो, असे त्यांच्या भूमिकेचे सार सांगता येईल.

ही टीका संपूर्णतः स्वीकारण्याची आवश्यकता नाही. भारतात परदेशी स्वयंसेवकांनी केलेल्या कामाची काही आदरणीय उदाहरणे आहेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर यांनी वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून भारतात येऊन १९६६ ते १९६८ या काळात मुंबईजवळील विक्रोळी येथे परिचारिकेचे काम केले. मार्जरी साईक्स यांनी सेवाग्राम येथे नयी तालीमच्या कार्यात अनेक वर्षे घालविली. तथापि इलिच यांच्या टीकेतून एक उपयुक्त प्रश्न हाती लागतो, तो असा की, स्वयंसेवकाच्या आठवड्यात विद्यार्थी होण्यासाठी राखलेला असा एखादा दिवस आहे काय? सुटीचा दिवस हा तो दिवस ठरू शकतो.

शिबिराची परंपरा आणि विश्रांतीचे स्थान

महाराष्ट्रात श्रमदानाची परंपरा जुनी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील ४०,००० स्वयंसेवकांच्या सहभागाने झाला. या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तासांचे नियमित कार्य आणि एक सात दिवसीय विशेष शिबिर पूर्ण करावयाचे असते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांची अशी शिबिरे दरवर्षी दत्तक ग्रामांत होतात. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, सायंकाळी गटचर्चा व सांस्कृतिक कार्यक्रम, अशी त्यांची दिनचर्या असते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीने महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना श्रमाचा परिचय करून दिला आणि छावणी आटोपल्यावर आनंदवन, हेमलकसा पाहून परतण्याची प्रथाही रुजविली. अभय बंग व राणी बंग यांच्या ‘निर्माण’ उपक्रमाने २००६ पासून युवकांना प्रत्यक्ष सामाजिक कार्याकडे वळविण्याचा प्रयत्न केला आहे. ‘पाणी फाउंडेशन’च्या २०१६ ते २०१९ मधील स्पर्धांच्या काळात शहरांतील हजारो ‘जलमित्र’ १ मे रोजी खेड्यांत श्रमदानास गेले. त्यात यवतमाळ जिल्ह्यातील काही तालुक्यांचाही समावेश होता.

या सर्व उपक्रमांत दीर्घकाळ राहणाऱ्या कार्यकर्त्याला तीन प्रकारचा थकवा जाणवतो. पहिला शरीराचा. दुसरा भाषेचा, कारण दिवसभर परक्या बोलीत कान लावून बसणे हेही श्रमच होत. तिसरा थकवा ऐकण्याचा. कर्ज, आजारपण, नापिकी, व्यसन यांच्या कहाण्या रोज ऐकणारा तरुण काही आठवड्यांनी एक तर बधिर होतो, किंवा निराश होतो. या तिन्हींवर साप्ताहिक विश्रांती आवश्यक आहे. ती कोठे व कशी घ्यावी, एवढाच प्रश्न उरतो.

यवतमाळ : कार्यक्षेत्र आणि परिसर

सुमारे १३,५८० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा, १६ तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ लोकसंख्येचा यवतमाळ जिल्हा उत्तर व पूर्वेकडे वर्धा आणि दक्षिणेकडे पैनगंगा या नद्यांच्या मध्ये पसरलेला आहे. यवतमाळ नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पूर्वेकडील फाट्यांवर वसले आहे. येथे विरळ हवेचा त्रास नाही; पण मे महिन्यातील ४५ अंशांच्या आसपास जाणारे तापमान आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवणारी काळी चिकण माती नवागताची तितकीच परीक्षा घेतात. कुस्कोला जसे पहिले दिवस विश्रांतीचे, तसे येथे उन्हाळ्यातील दुपार विश्रांतीची, हे गावकऱ्यांना सांगावे लागत नाही. शिबिराचे वेळापत्रक करणाऱ्यांना मात्र सांगावे लागते.

भाषेबाबतही पेरूशी साम्य दिसते. पुण्या-मुंबईहून आलेला मराठी विद्यार्थी यवतमाळात आपल्याच भाषेत आहे असे समजतो. वऱ्हाडी बोलीशी त्याची गाठ पडते, तेव्हा तो थोडा थबकतो. परंतु केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतील कोलामांच्या पोडावर गेल्यावर घरातील भाषा कोलामी असल्याचे त्याला आढळते. ती द्राविड कुळातील भाषा आहे आणि मराठीच्या आधारे तिचा अर्थ लागत नाही. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक होय; कातकरी व माडिया गोंड या अन्य दोन. पुसद, दिग्रस परिसरातील बंजारा तांड्यांवर गोरबोली, तर गोंड वस्त्यांवर गोंडी ऐकू येते. ‘जिल्ह्यातील लोक’ हा एकवचनी शब्दप्रयोग किती अपुरा आहे, हे एका गावात सहा दिवस काढून समजत नाही. दुसऱ्या तालुक्यात एक दिवस घालविल्यावर समजते. सुटीतील प्रवासाचे हे पहिले शैक्षणिक मूल्य होय.

पहिली सहल : आठवडी बाजार

शनिवार-रविवारची सुटी ही शाळा-कचेरीची कल्पना आहे. खेड्याचा आठवडा बाजाराच्या दिवसाने मोजला जातो. विदर्भात शेतमजुरांची आठवड्याची मजुरी बाजाराच्या आदल्या वा त्याच दिवशी देण्याची पद्धत अनेक गावांत आहे. त्या दिवशी शेतातील काम मंदावते, बाया-माणसे तालुक्याच्या वा मोठ्या गावाच्या बाजारास जातात, आठवड्याचे तेल-मीठ, मिरची, डाळ, भाजी घेतात, दवाखाना व सोयरिकीची बोलणी उरकतात. म्हणून स्वयंसेवकाची पहिली सहल दूरच्या स्थळाकडे न होता, आपल्या गावातील लोकांबरोबर त्यांच्याच बाजारास व्हावी.

पिसाकचा मूळ रविवारचा बाजारही असाच आसपासच्या शेतकऱ्यांचा होता. पर्यटक वाढले, तसा तो इतर दिवशीही भरू लागला आणि त्याचा मोठा भाग शोभेच्या वस्तूंनी व्यापला. यवतमाळ जिल्ह्यातील आठवडी बाजारांवर हा प्रसंग आलेला नाही. तेथे आजही गिऱ्हाईक आणि विक्रेता एकाच परिसरातील असतात. सर्वेक्षणाच्या प्रपत्रात ‘मासिक खर्च’ या रकान्यात मिळालेला आकडा आणि बाजारात पिशवीत पडलेला माल यांतील फरक जो विद्यार्थी डोळ्यांनी पाहतो, त्याचे पुढील सर्वेक्षण निश्चितच अधिक सावध होते.

कापसाचा मार्ग

दुसऱ्या प्रकारची सहल म्हणजे आपण ज्या गावात काम करतो, त्या गावाच्या आजच्या स्थितीमागील इतिहास पाहण्याची. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद मापाची रेल्वे किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली विसाव्या शतकाच्या आरंभी बांधली गेली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ हे प्रेमाचे नाव दिले. तिचे मुख्य प्रयोजन मात्र वऱ्हाडातील कापूस मुख्य लोहमार्गावर आणि तेथून मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांकडे पोहोचविणे हे होते. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली, पुढे डिझेलवर. आता ती धावत नाही. दारव्हा, कारंजा या वाटेवरील जुनी स्थानके पाहताना कापसाच्या गाठी कोणत्या दिशेने गेल्या आणि पैसा कोणत्या दिशेने थोडाच परतला, याचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गाचा वर्धा-कळंब हा टप्पा सुरू झाला. कळंबच्या चिंतामणीचे, जमिनीच्या पातळीखाली असलेल्या गणेशमूर्तीचे दर्शन घेऊन हा जुना-नवा लोहमार्गाचा इतिहास एका दिवसात समजून घेता येतो.

पुसद परिसराची भेटही अशीच अर्थपूर्ण ठरते. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. समुद्रकिनारा नसलेल्या प्रदेशात मिठाच्या जागी गवत हे कायदेभंगाचे साधन झाले. याच तालुक्यातील गहुली हे १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेल्या वसंतराव नाईक यांचे जन्मगाव. दुःखाचा जिल्हा म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, त्या जिल्ह्याने राज्याला नेतृत्व आणि स्वातंत्र्यलढ्याला स्वतःची रीत दिली होती, हे स्वयंसेवकास ठाऊक असणे आवश्यक आहे.

वाघ : भीतीचा आणि तिकिटाचा

जिल्ह्यातील सर्वांत लोकप्रिय सहल टिपेश्वर अभयारण्याची होय. केळापूर व घाटंजी तालुक्यांतील १४८.६३ चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे अभयारण्य वाघांसाठी विख्यात झाले आहे. येथेच २०१९ मध्ये पट्टा लावलेला एक तरुण वाघ महाराष्ट्र व तेलंगणातून तीन हजारांहून अधिक किलोमीटर फिरून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पावसाळा वगळता पर्यटकांना येथे प्रवेश मिळतो आणि सुन्ना प्रवेशद्वारावरून वाहनासह स्थानिक वाटाड्या घेऊन आत जाता येते.

परंतु याच परिसरात वाघाचा दुसरा अर्थही आहे. पांढरकवडा व राळेगाव भागात १३ जणांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली ‘अवनी’ ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यातील बोराटी परिसरात गोळी घालून ठार करण्यात आली. शहरांत त्यावर संताप व्यक्त झाला. गावांत अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. राळेगावच्या एखाद्या गावात आठवडाभर काम करणारा स्वयंसेवक सहा दिवस गावकऱ्यांची भीती ऐकतो आणि सातव्या दिवशी त्याच वाघाच्या दर्शनासाठी पैसे भरतो. यात विसंगती आहे. पण ती लपविण्यासारखी नाही. उलट, कपाशीत एकट्याने कामास जाण्यास भिणारी बाई आणि जीपमधून दर्शनासाठी आसुसलेला पर्यटक, या दोघांचे जंगल एकच आहे, हे एका आठवड्यात अनुभवण्याची संधी फारच थोड्यांना मिळते. अट इतकीच की, परतल्यावर गावात वाघाची छायाचित्रे दाखविताना कोणासमोर आपण बोलत आहोत, याचे भान राहावे. तिकिटाचे व वाटाड्याचे पैसे अभयारण्यालगतच्या गावांतील तरुणांपर्यंत किती पोहोचतात, हा ताकिले बेटाने शिकविलेला प्रश्नही येथे विचारला पाहिजे.

दुःखाचे दर्शन

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे वळणे भाग आहे. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकऱ्याने कुटुंबासह जीवनयात्रा संपविली. त्या घटनेच्या स्मरणार्थ २०१७ पासून दरवर्षी १९ मार्च रोजी अनेक ठिकाणी एक दिवसाचा अन्नत्याग केला जातो. पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर गेले. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यात यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना घोषित केली. त्यानंतर नेते, पत्रकार, अभ्यासक आणि विद्यार्थी यांची रीघ लागली. २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही हेच घडले.

या भेटींपैकी कित्येक आवश्यक होत्या. पत्रकारांनी लिहिले नसते, तर शासन जागे झाले नसते. तथापि त्यांतून एक घातक प्रघात रूढ झाला. बाहेरगावहून आलेल्या गटाला ‘एखादे आत्महत्याग्रस्त कुटुंब दाखवा’ असे सांगताना संकोच वाटेनासा झाला. ज्या घरी अशी भेट होते, तेथील स्त्रीला तोच प्रसंग नव्या पाहुण्यापुढे पुन्हा सांगावा लागतो. चहा तिच्याच घरचा असतो. त्या दिवसाची तिची मजुरी बुडते. छायाचित्र निघते आणि गट पुढील स्थळाकडे निघून जातो. माचू पिक्चू पाहणाऱ्याकडून तेथील दगडांना काही इजा होत असेल, तर ती झिजेची असते. पण मनुष्याचे दुःख पाहण्याचे स्थळ केले, की इजा त्या मनुष्यासच होते. म्हणून अशी भेट सुटीच्या दिवसाच्या कार्यक्रमात कदापि नसावी. त्या कुटुंबाशी काम असेल, तर ते कामाच्या दिवशी, पूर्वसंमतीने, काही ठोस उपयोगासाठी, म्हणजे वारसनोंद, पेन्शनचा अर्ज, मुलांची शिष्यवृत्ती अशा कारणासाठी व्हावे. पाहण्यासाठी कोणाच्या अंगणात जाऊ नये.

येथेच सुटीच्या सहलीचे खरे मोल लक्षात येते. ज्या स्वयंसेवकाने बाजार, रेल्वेस्थानक, तांडा, जंगल, नदी यांपैकी काही पाहिलेले नसते, त्याच्या मनात जिल्ह्याचे एकच चित्र उरते आणि ते मृत्यूचे असते. असा स्वयंसेवक नकळत लोकांकडे कीव करीत पाहतो. ज्याने पावसाळ्यात पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा पाहिला, पोळ्याच्या दिवशी सजविलेले बैल पाहिले, अर्णीच्या बाबा कंबलपोष दर्ग्यावर निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक पाहिले, त्यास हेच लोक आनंद, श्रद्धा आणि हिशेब जाणणारे आहेत, याची प्रचीती येते. कीव आणि आदर यांतील अंतर अनेकदा एका रविवारचे असते.

भेटीची काही पथ्ये

वरील विवेचनावरून सुटीच्या दिवसासाठी काही पथ्ये सुचविता येतात.

एक, सहलीस स्थानिक सोबती असावा. गावातील दोन तरुण बरोबर असले, की पर्यटक व यजमान ही फाळणी आपोआप पुसट होते. अनेकदा त्या तरुणांनीही टिपेश्वर वा सहस्रकुंड पाहिलेले नसते. मात्र त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडणार असेल, तर त्याची भरपाई आधी ठरवावी.

दोन, प्रवास शक्यतो एस.टी.ने करावा. गावाची मुक्कामी बस सकाळी केव्हा निघते आणि सायंकाळी शेवटची केव्हा परतते, यावर त्या गावातील मुलीचे महाविद्यालयीन शिक्षण आणि रुग्णाचा दवाखाना अवलंबून असतो. ही मर्यादा भाड्याच्या गाडीतून जाणाऱ्यास कळत नाही.

तीन, शेतीचे पंचांग सांभाळावे. जून-जुलैतील पेरणी, भाद्रपदाच्या आसपासची फवारणी आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी कापसाची वेचणी या दिवसांत गावकऱ्यांना सोबतीस ओढू नये. फवारणी चालू असलेल्या शिवारात हौसेने फिरू नये.

चार, खर्च गावाजवळ करावा. शिदोरी गावातील बचतगटाकडून घेणे, रस्त्यावरील खानावळीत जेवणे, वाटाड्यास ठरलेला मोबदला देणे, या लहान गोष्टी होत. पण ताकिलेची बोट कोणाची, या प्रश्नाचे स्थानिक उत्तर त्यांतच आहे.

पाच, परतल्यावर लिहावे. शिबिराच्या दैनंदिनीत सातव्या दिवसाचे पान कोरे राहू नये. काय पाहिले याबरोबरच, त्यामुळे आपल्या कामातील कोणती समजूत चुकीची ठरली, हेही नोंदवावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी विशेष शिबिराच्या अहवालात अशा नोंदीस स्थान दिल्यास ती पुढील वर्षीच्या तुकडीस उपयोगी पडेल.

निष्कर्ष

कुस्कोहून टिटिकाकाकडे जाणारा परदेशी तरुण आणि पांढरकवड्याहून टिपेश्वरकडे जाणारा शिबिरार्थी यांच्या परिस्थितीत मोठा भेद आहे. एक समुद्र ओलांडून आलेला असतो, दुसरा बहुधा एखादा जिल्हा ओलांडून. परंतु दोघांपुढील प्रश्न समान आहे. ज्या भूमीत आपण काही देण्यासाठी आलो आहोत असे मानतो, तिच्याकडून घेण्याची तयारी आपल्यापाशी आहे काय? सहा दिवसांचे काम देण्याची सवय लावते. सातवा दिवस घेण्याची सवय लावू शकतो. तो केवळ पळवाट ठरला, तर स्वयंसेवक ताजातवाना होतो, इतकेच. तो दुःखदर्शनात गेला, तर यजमानाची हानी होते. तो बाजारात, एस.टी.त, जंगलाच्या कडेला आणि इतिहासाच्या खुणांजवळ गेला, तर सोमवारी कामावर परतणारा मनुष्य शुक्रवारच्या मनुष्यापेक्षा थोडा अधिक नम्र आणि म्हणून थोडा अधिक उपयोगी असतो. यवतमाळसारख्या जिल्ह्याला मदतीची गरज आहे, हे निर्विवाद आहे. पण त्याआधी त्याला नीट ओळखले जाण्याची गरज आहे. शिबिरांच्या नियोजनात सुटीच्या दिवसाचा विचार होणे म्हणूनच अगत्याचे ठरते.